चिखलातले चाक



मृगाचा पाऊस पडला, आर्द्रा लागली, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात कुणाला उसंत नसते. पऱ्हे वाढीला लागतात. बांध्या पाण्याने भरतात. चिखलणी सुरू होते आणि तिच्या मागोमाग रोवणा येतो. आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. नवेगावबांधपासून इटियाडोहपर्यंत, तिरोड्यापासून सालेकशापर्यंत, पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे पाणी आणि चिखल. धानाला हा चिखल आईसारखा. पण ट्रॅक्टरला तोच चिखल सावत्र होतो.

आजचा धडा याच चिखलाचा आणि त्यात अडकणाऱ्या चाकाचा आहे.

एका सकाळची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावच्या एका शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर घेतला. पाच एकरांचा धनी. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नव्हती. दोन मालकांच्या हातून आलेली ही गाडी होती. रंग उडालेला, टायर झिजलेले. पण इंजिन ठणठणीत. भाचा गाडी हाकत असे.

रोवण्याचा दिवस ठरला. अकरा बाया सकाळीच धुऱ्यावर येऊन बसल्या. पऱ्ह्यांच्या जुड्या बांधून तयार. गाडी बांधीत उतरली, दोन फेरे मारले आणि तिसऱ्या फेऱ्याला कोपऱ्यात थांबली. उजवे चाक गरगर फिरू लागले. डावे जागचे हलेना. पोराने रेस वाढवली. चाक आणखी जोराने फिरले आणि गाडी धुऱ्याने नांगर घुसावा तशी खाली घुसली. थोड्या वेळात मागचा धुराच चिखलाला टेकला.

मग गावात होते तेच झाले. दहा माणसे जमली आणि वीस सल्ले निघाले. कुणी म्हणाले, "दोन्ही चाकाले आडवी बल्ली बांधा. चाक फिरन, बल्ली चिखलात रुतन, गाडी आपोआप वर येईन." सगळ्यांना ते पटले. आम्हीही छत्री घेऊन तिथे उभे होतो. आम्हीही मान डोलावली. हे आम्ही लपवीत नाही.

बल्ली साखळीने बांधली. पोराने गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी पुढे गेली नाही. तिची पुढची चाके जमिनीवरून उचलली. गुडघ्याइतकी, मग कमरेइतकी. घोडा मागच्या पायांवर उभा राहावा तशी गाडी उभी होऊ लागली. पोराने घाबरून क्लच दाबला म्हणून गाडी धाडकन खाली आली. आणखी एक क्षण गेला असता तर गाडी उलटी होऊन त्याच्या अंगावर आली असती.

त्या दिवशी रोवणा झाला नाही. दुपारी बाया घरी गेल्या. मालकाने मजुरी अर्धीच दिली.

रात्री आमच्या साक्षरतेच्या वर्गात त्यांच्यातल्या एका बाईने विचारले, "गुर्जी, चाक तर फिरत होते. मग गाडी काहून नाही हालली? अन् आमची मजुरी काहून कापली?"

दोन प्रश्न. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. पण त्या रात्री दोन्हींपैकी एकाचेही धड उत्तर देता आले नाही. पुढे आम्ही गोंदियाच्या मिस्त्रींना भेटलो. जुन्या चालकांशी बोललो. ट्रॅक्टरबरोबर येणारी माहितीपुस्तके वाचली. जे कळले ते येथे सांगतो.

पकड म्हणजे काय?

तुम्ही डांबरी रस्त्यावर चालता तेव्हा पाय जमिनीला मागे रेटतो. जमीन हलत नाही, म्हणून तुम्ही पुढे जाता. आता बांधीत चाला. पाय मागे रेटताच चिखलच मागे सरकतो आणि तुम्ही जागच्या जागी राहता. मग तुम्ही काय करता? पायाची बोटे रोवता. पाय खालच्या टणक थराला टेकवता. घाई करीत नाही.

ट्रॅक्टरच्या चाकाचेही हेच. इंजिनात जोर कितीही असो, चाकाखालच्या जमिनीने तो जोर पेलला तरच गाडी पुढे जाते. या पेलण्यालाच आपण पकड म्हणू. पकड सुटली की चाक फिरते, गाडी हलत नाही, आणि चाक स्वतःच्या हाताने स्वतःचा खड्डा खणते.

आता हल्याकडे पाहा. त्याच्या खुराचे दोन भाग असतात. पाय चिखलात पडताना खूर फाकतो. मग अंगाचे वजन जास्त जागेवर पसरते. पाय उपसताना खूर मिटतो आणि सहज बाहेर येतो. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या हल्यांनी आपल्या बांध्या चिखलल्या. रबरी टायरला ही कला येत नाही. ती आपण त्याला शिकवावी लागते.

माती ओळखा

आपल्याकडे एकाच गावात निरनिराळी माती असते. कन्हार काळी आणि चिकट. सिहार पिवळसर, वाळू मिसळलेली. मोरांड या दोहोंच्या मधली. कन्हार ओली झाली की टायरच्या दातांत भरून बसते. मग दात असूनही नसल्यासारखे. टायर सपाट गोळा होतो आणि घसरतो. सिहारात माती दातांतून लवकर सुटते, पण पाणीही लवकर मुरते.

दुसरी गोष्ट खालच्या थराची. जुन्या बांधीत वरचा चिखल मऊ असतो, पण त्याच्याखाली एक टणक थर असतो. वर्षानुवर्षे हल्यांच्या पायांनी आणि नांगराच्या तळाने तो दाबला गेलेला असतो. हा थर पाणी धरून ठेवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. पण जिथे नुकतीच भर घालून बांधी सपाट केली, जुनी बोडी बुजवली, किंवा जिथे झरा आहे, तिथे असा थर नसतो. गाडी फसते ती बहुधा अशाच ठिकाणी.

हे कळायला यंत्र लागत नाही. एक काठी पुरे. गाडी उतरवण्याच्या आदल्या संध्याकाळी काठी घेऊन बांधीत चालत जा. दहा-दहा पावलांवर काठी खुपसा. एक वीत जाऊन काठी टणक लागली तर चिंता नाही. दोन वीत गेली तरी लागली नाही, तर तिथे झाडाची फांदी रोवून खूण करा. तेवढा तुकडा हल्यांनी किंवा कुदळीने करावा. आमच्या गावच्या त्या कोपऱ्यात पूर्वी बोडी होती. म्हाताऱ्या माणसांना ते ठाऊक होते. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

पाण्याचेही प्रमाण हवे. कमी पाण्यातली कन्हार डिंकासारखी चिकटते. पाणी घोट्याच्या थोडे खाली राहील इतके असले, की चिखल सैल होतो आणि टायर धुतला जातो. माती आदल्या दिवसापासून पाणी पिऊन भिजलेली असावी.

टायरची चार पथ्ये

पहिले पथ्य : दात पाहा. दात झिजून बोटाच्या पेरापेक्षा कमी उरले असतील, तर कोरड्या रस्त्यावर तो टायर चालेल, बांधीत चालणार नाही.

दुसरे पथ्य : टायर उलटा बसवला नाही ना, ते पाहा. मागच्या टायरवरचे दात तिरपे असतात. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले, तर ते घराच्या छपरासारखे दिसले पाहिजेत. टोक वर, पाय खाली. असा टायर पुढे चालताना चिखल दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतो. टायर उलटा बसला तर तोच चिखल मध्ये गोळा करतो. जुनी गाडी अनेकांच्या हातून गेलेली असते. पंक्चर काढताना चाके इकडची तिकडे झालेली असतात. टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही असतो. तो वाचा.

तिसरे पथ्य : हवा. टायर कडक फुगलेला असला की जमिनीला थोडाच टेकतो. हवा थोडी कमी असली की तो पसरतो आणि जास्त दात जमिनीला लागतात. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पुस्तकात मागच्या टायरला शेतकामासाठी १२ पौंडांच्या आसपास हवा सांगितलेली असते. आपल्या गाडीचे पुस्तक पाहूनच हवा ठरवावी. त्याहून फार कमी केली तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचे तोंड तुटते. ट्रॉली लावून रस्त्याने जायचे असेल तेव्हा पुस्तकाप्रमाणे हवा वाढवावी.

चौथे पथ्य : दोन्ही टायर सारखे हवेत. एक नवा, एक गुळगुळीत, अशी जोडी लंगड्या बैलाच्या जोडीसारखी ओढते.

वजन कधी वाढवावे, कधी कमी करावे?

येथे पुष्कळ लोक फसतात. म्हणून नीट वाचा.

पहिल्या पावसानंतर जमीन नुसती ओलसर असते. नांगरताना चाक घसरले तर मागचे वजन वाढवावे. त्यासाठी चाकांना बिडाची जड वजने लावतात, किंवा टायरात पाणी भरतात. पाणी भरताना जॅक लावून चाक उचलावे, ट्यूबचे तोंड सर्वांत वर आणावे आणि तोंडाच्या पातळीपर्यंतच पाणी भरावे. म्हणजे टायरचे साधारण चार हिस्से धरले तर तीन हिस्से पाणी आणि एक हिस्सा हवा राहते. टायर काठोकाठ भरू नये. हवेशिवाय त्याला लवचीकपणा राहत नाही.

आता हिशेब करू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एका टायरात १५० लिटर पाणी मावले, तर दोन टायरांत ३०० लिटर. म्हणजे गाडीचे वजन ३०० किलोंनी वाढले. तीन क्विंटल धानाची पोती चाकांवर ठेवल्यासारखे झाले, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

पण चिखलणीच्या वेळी उलटे. खोल चिखलात जड गाडी अधिक खोल जाते. तिथे वजन नको. तिथे टेकायला जागा जास्त हवी. म्हणून रोवण्याआधी टायरातले पाणी काढावे, जादा वजने उतरवावीत. ओलसर जमिनीत वजन मित्र, खोल चिखलात वजन शत्रू, हे ध्यानात ठेवा.

लोखंडी जाळीची चाके

टेकायला जागा जास्त मिळावी म्हणून लोखंडी चाके आली. आपल्याकडे त्यांना केजव्हील म्हणतात. पिंजऱ्यासारखे हे चाक टायरच्या बाहेरच्या बाजूला बोल्टांनी जोडतात. त्याच्या आडव्या पट्ट्या चिखलात खालपर्यंत जातात आणि वल्ह्यासारख्या चिखलाला मागे रेटतात. शिवाय चिखल कालवलाही जातो. एका दगडात दोन पक्षी. पट्ट्यांच्या मधून चिखल गळून पडतो, म्हणून चाक भरत नाही.

गावचा वेल्डिंगवालाही हे चाक करून देतो. करवून घेताना तीन गोष्टी पाहा. दोन्ही चाके सारख्या मापाची हवीत. चाकाची उंची टायरपेक्षा थोडी कमी ठेवली, तर टणक जागेवर गाडी टायरवर चालते आणि पट्ट्या धुऱ्याला खोदत नाहीत. आणि बोल्ट रोज सकाळी घट्ट करावेत.

हे चाक घालून डांबरी रस्त्यावर जाऊ नये. रस्ता आपल्या सर्वांचा आहे. तो फुटतो, आणि गाडीच्या जोडांनाही हादरे बसतात.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. केजव्हील म्हणजे फिरती कात्री. चालत्या गाडीजवळ कुणीही येऊ नये. मडगार्डवर पोरांना बसवण्याची आपल्याकडे खोड आहे. गाडी उसळली, पोर घसरले, की ते थेट चाकात जाते. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, खांद्यावरचा दुपट्टा यांचेही तेच. चिखलणी चालू असेपर्यंत बायांनी आणि पोरांनी बांधीबाहेर राहावे.

एकच चाक का फिरते?

त्या सकाळी उजवे चाक फिरत होते, डावे नाही. हे कसे?

पाटाचे पाणी दोन बांध्यांना सोडले, तर ते सखल बांधीकडे आधी धावते. गाडीच्या मागच्या धुऱ्यात दातेरी चक्रांची एक पेटी असते. तिचे नाव डिफरन्शियल. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरावे आणि आतले कमी, यासाठी ती असते. पण ती इंजिनाचे फिरणे नेहमी सोप्या बाजूला देते. एक चाक चिखलात सैल झाले, की सगळे फिरणे त्याच चाकाकडे जाते. टणक जागेवरचे चाक रिकामे उभे राहते.

यावर उपाय पुष्कळ गाड्यांत असतो. चालकाच्या पायाजवळ एक लहान पेडल असते. त्याला डिफरन्शियल लॉक म्हणतात. ते दाबले की दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि बरोबर फिरतात. ते असे वापरावे. चाक जोरात फिरत असताना दाबू नये. आधी क्लच दाबून चाक थांबवावे, मग पेडल दाबावे, मग हळू क्लच सोडावा. गाडी सरळ चालवावी. वळायच्या आधी पेडल सोडावे. नाही तर गाडी वळत नाही आणि आतली चक्रे तुटतात.

ज्या जुन्या गाडीत हे पेडल नाही किंवा बिघडलेले आहे, तिला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक तरी वेगळे असतात. जे चाक रिकामे फिरते, त्याच बाजूचा ब्रेक हलका दाबावा. फिरणे दुसऱ्या चाकाकडे जाते. रस्त्यावर जाण्यापूर्वी मात्र दोन्ही ब्रेक एकमेकांना अडकवून ठेवावेत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर वेगातली गाडी उलटते.

आमच्या गावच्या त्या गाडीत हे पेडल होते. चिखलाने आणि गंजाने ते घट्ट बसले होते. ते कशासाठी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते.

घसरण मोजण्याचा हिशेब

आता एक गणित. चाकाच्या टायरवर खडूने खूण करा. टणक जमिनीवर, अवजार न लावता, चाकाचे १० फेरे होऊ द्या. किती अंतर गेले ते मोजा. समजा ४० मीटर. मग शेतात अवजार लावून पुन्हा १० फेरे मोजा. समजा ३४ मीटर.

वाया गेले ४० वजा ३४, म्हणजे ६ मीटर. ६ ला ४० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर १५. म्हणजे शंभरात पंधरा फेरे वाया. नांगरणीत इतके चालते. अंतर २४ मीटरच भरले, तर शेकडा ४० फेरे वाया. म्हणजे डिझेल जळते, टायर झिजतो आणि काम होत नाही. तेव्हा थांबा. अवजार थोडे वर घ्या, किंवा वर सांगितलेले उपाय करा. पाणी भरलेल्या बांधीत घसरण अधिक असणारच. पण गाडी पुढे सरकत नाही असे दिसले, की तिथेच हात आवरा.

हे यंत्र आले कुठून?

ट्रॅक्टरला आरंभी रबरी टायर नव्हते. दात असलेली लोखंडी चाके होती. १९३२ च्या सुमारास अमेरिकेत हवेचे रबरी टायर लावण्यास सुरुवात झाली. वेग वाढला, इंधन वाचले. पण चिखलात लोखंडी दातांची गरज राहिलीच. आपली केजव्हील त्याच जुन्या चाकाची नात आहे.

हॅरी फर्ग्युसन नावाच्या गृहस्थाने अवजार तीन दांड्यांनी गाडीला जोडण्याची आणि तेलाच्या दाबाने उचलण्याची रीत बसवली. १९४६ पासून इंग्लंडात निघालेला त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर जगभर गेला. त्या रीतीत नांगरावर पडणारा मातीचा भार मागच्या चाकांवर येतो. जादा वजन न बांधताही पकड वाढते. म्हणूनच हायड्रॉलिकच्या दांड्याचे काम नीट समजून घ्यावे. तो केवळ अवजार उचलण्यासाठी नाही.

आपल्या देशात १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. १९७१ साली पिंजोरला एच.एम.टी.चे ट्रॅक्टर निघू लागले. १९७४ साली पंजाबात स्वराज आला. यांतल्या कित्येक जुन्या गाड्या अजूनही खेड्यापाड्यांत राबताना दिसतात. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तरी त्याच्या गाड्या मिस्त्रींच्या हातांनी चालू आहेत. जुनी गाडी म्हणजे टाकाऊ गाडी नव्हे. पण जुन्या गाडीला चालकाच्या डोक्यावर संरक्षणाची चौकट बहुधा नसते. ती उलटली तर मध्ये काहीच नाही. म्हणून तिच्यावर बसणाऱ्याला अधिक शहाणपण हवे.

गाडी फसली तर

१. चाक घसरू लागताच थांबा. रेस वाढवू नका. पहिल्या क्षणी थांबलेली गाडी दहा मिनिटांत निघते. हट्टाने घुसवलेली गाडी दिवस खाते.

२. अवजार वर उचला किंवा सोडून ठेवा.

३. चाकाच्या मागचा चिखल फावड्याने काढा. उतार करा. तिथे तणस, फाटे किंवा फळ्या टाका.

४. शक्यतो मागे या. ज्या वाटेने गाडी आत आली, ती वाट तिला पेलते हे ठरलेले आहे. शिवाय मागे येताना गाडी मागच्या बाजूला उलटण्याची भीती कमी असते. गिअर लहान, रेस कमी, क्लच हळू.

५. दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल, तर ओढणाऱ्या गाडीची साखळी तिच्या मागच्या खालच्या ओढदांडीलाच बांधावी. वरच्या दांड्याला किंवा धुऱ्याला कधीही बांधू नये. साखळी उंच बांधली, की ओढणारी गाडीच पुढून उचलते. साखळी ताणली असताना कुणीही जवळ उभे राहू नये. ती तुटली तर चाबकासारखी येते.

६. चाकांना बल्ली बांधू नका.

हे सहावे का, ते सांगतो. जात्याचा खालचा दगड घट्ट असतो, म्हणून वरचा फिरतो. इंजिन चाक आणि गाडीचे धड यांच्यामध्ये जोर लावते. चाक मोकळे असेल तर चाक फिरते. चाक बल्लीने जखडले तर ते फिरू शकत नाही. मग इंजिन काय करणार? ते धडाला फिरवते. पुढची चाके वर उचलतात आणि गाडी मागे पलटते. याला दोन सेकंदही लागत नाहीत. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. उंच धुऱ्यावर गाडी सरळ चढवतानाही असेच होते. म्हणून धुरा कापून उतार करावा आणि मगच गाडी पार करावी. नंतर माती टाकून धुरा बुजवावा.

पुढची उचलू लागलीच, तर क्लच दाबा. त्या पोराने तेच केले. त्याला ते कुणी शिकवले नव्हते. दैव बरे, म्हणून तो आज दोन लेकरांचा बाप आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता दुसरा. मजुरी काहून कापली?

याचे उत्तर कुठल्याही यंत्राच्या पुस्तकात नाही. गाडी फसली तो दोष बायांचा नव्हता. त्या वेळेवर आल्या होत्या. कोपरा मऊ आहे हे पाहण्याचे काम मालकाचे होते, चालकाचे होते, आणि शहाणपण सांगायला उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांचे होते. तरी नुकसान त्यांच्या पदरी पडले. यंत्र बिघडते तेव्हा त्याचा भार सर्वांत आधी हातावर पोट असलेल्यांवर येतो. यंत्राने पुष्कळ दिले, हे खरे. पण हेही तितकेच खरे.

आम्ही त्या बाईला हे सांगितले. मग तिच्याबरोबर मालकाकडे गेलो. भांडण केले नाही. तोही कर्जाने पिचलेला होता. पण बोलणे झाले. पुढच्या वर्षी रोवण्याआधीच ठरले की गाडी फसली तर त्या दिवसाची मजुरी पूर्ण द्यायची. ठरलेले त्या बाईने स्वतःच्या हाताने वहीत लिहिले. मालकाने खाली सही केली.

आणि एक गंमत. मजुरी आपल्याच खिशातून जाणार हे ठरल्यावर मालक आदल्या संध्याकाळी स्वतः काठी घेऊन बांधीत उतरला. पोराने गंजलेले पेडल रॉकेल घालून मोकळे केले. त्या वर्षी गाडी फसली नाही. बोडीचा कोपरा हल्यांनी केला.

करून पाहा

१. तुमच्या शेजारच्या ट्रॅक्टरच्या मागे उभे राहा. टायरचे दात छपरासारखे दिसतात की उलटे?

२. एका बांधीत काठी खुपसून टणक थर किती खोल आहे ते पाहा. मऊ जागांचा नकाशा वहीत काढा.

३. दहा फेऱ्यांत टणक जमिनीवर ३८ मीटर आणि शेतात १९ मीटर अंतर गेले. शेकडा किती फेरे वाया गेले?

उत्तरे लिहा

१. खोल चिखलात टायरातले पाणी का काढावे?

२. चाकांना बल्ली बांधल्यास गाडी का उलटते?

३. डिफरन्शियल लॉक दाबण्याआधी काय करावे?

४. तुमच्या गावात यंत्र बिघडले तर मजुरीचे काय होते? चार ओळी लिहा.